एसी 10 टक्क्यांनी स्वस्त का झाला नाही? जीएसटीचे दर बदलले, पण दहावीच्या गणिताच्या धड्याचं काय?

22 सप्टेंबर 2025. घटस्थापनेचा दिवस. त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि सोशल मीडियावर याद्या फिरायला लागल्या. एसी 28 वरून 18, शाम्पू 18 वरून 5, वह्या 12 वरून शून्य, कंपासपेटी 12 वरून 5. त्याच्या खाली हमखास एक ओळ असायची, की एसी 10 टक्क्यांनी स्वस्त, शाम्पू 13 टक्क्यांनी स्वस्त.

तुम्हीही असा मेसेज पुढे पाठवला असेल, तर एकदा आकडेमोड करून बघा.

समजा एसीची मूळ किंमत 32,000 रुपये आहे. 28 टक्के जीएसटी धरून तो आधी 40,960 रुपयांना मिळत होता. आता 18 टक्क्यांनी तो 37,760 रुपयांना मिळेल. फरक 3,200 रुपयांचा. जुन्या किमतीच्या तुलनेत हे साधारण 7.8 टक्के होतात, 10 नाही. पण ‘10 टक्के स्वस्त’ हा मेसेज वाचून दुकानात गेलेला माणूस 40,960 च्या 10 टक्के, म्हणजे 4,096 रुपये कमी होतील असं धरून जातो. मग दुकानदाराने 896 रुपये खिशात घातले असं त्याला वाटतं आणि काउंटरवर वाद सुरू होतो. खरं तर यात दुकानदाराचा काही दोष नाही, गडबड टक्केवारीत आहे.

गंमत म्हणजे ही गडबड सोडवणारा धडा महाराष्ट्रात दहावीच्या प्रत्येक मुलाला असतो. राज्य मंडळाच्या गणित भाग 1 मधलं चौथं प्रकरण, ‘अर्थनियोजन’. आणि आता तोच धडा अडचणीत आलाय.

नेमकं झालंय काय?

बालभारतीचं दहावीचं सध्याचं पुस्तक 2018 साली आलं. तेव्हा जीएसटी येऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. 1 जुलै 2017 ला लागू झालेला कर इतक्या लवकर शाळेच्या पुस्तकात आला, हे खरं तर कौतुकाचं काम होतं. सीजीएसटी, एसजीएसटी, इनपुट टॅक्स क्रेडिट, 15 अंक-अक्षरांचा जीएसटीआयएन, पुढे शेअर्स, दलाली, म्युच्युअल फंड, एसआयपी. दहावीनंतर शाळा सुटलेल्या मुलालाही आयुष्यभर उपयोगी पडेल असा हा धडा.

पण त्यातला दरांचा तक्ता त्या काळचा आहे. शून्य, 5, 12, 18 आणि 28 टक्के. 3 सप्टेंबर 2025 ला झालेल्या जीएसटी परिषदेच्या 56 व्या बैठकीत ही रचना बदलली. आता मुख्य दर 5 आणि 18 असे दोनच, आणि काही मोजक्या वस्तूंवर 40. 12 आणि 28 हे टप्पे जवळजवळ गेले.

पुस्तक नवीन येईल तेव्हा दुरुस्त होईलच की, असं तुम्ही म्हणाल. ते कधी येईल ते बघा. राज्याने एप्रिल 2025 मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाचं जे टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक जाहीर केलं, त्यात दहावीचा नवा अभ्यासक्रम 2028-29 मध्ये आहे. म्हणजे 2025-26, 2026-27 आणि 2027-28 अशा तीन बॅच याच पुस्तकावर परीक्षा देणार.

नववीच्या पुस्तकातही हीच कथा आहे. तिथल्या अर्थनियोजनाच्या धड्यात आयकर शिकवतात. पुस्तक 2017 चं, म्हणजे अडीच लाखांपर्यंत कर नाही हे गणित. इकडे 2025 च्या अर्थसंकल्पानंतर नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट धरून कर लागत नाही, हे घरातल्या टीव्हीवर मुलांनीच ऐकलेलं आहे.

मग बोर्डाच्या पेपरात काय करायचं?

पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो, त्यामुळे तो आधी संपवू. गणिताच्या भाग 1 चा पेपर 40 गुणांचा, भाग 2 म्हणजे भूमितीचा 40 चा आणि अंतर्गत मूल्यमापन 20 चं. जीएसटीच्या उदाहरणात दर सहसा प्रश्नातच दिलेला असतो. प्रश्नात 12 टक्के लिहिलं असेल तर 12 धरूनच सोडवायचं, ‘आता तो 5 झालाय’ म्हणून स्वतःहून बदल करायचा नाही. रीत तीच, उत्तर तेच. दर निम्मा केला की सीजीएसटी आणि एसजीएसटी मिळतो, हेही बदललेलं नाही.

म्हणजे गुणांना फारसा धोका नाही. धोका आहे तो मुलाच्या विश्वासाला. सकाळी वर्गात ‘कंपासपेटीवर 12 टक्के’ शिकायचं आणि संध्याकाळी वाशीच्या दुकानातल्या बिलावर 5 टक्के बघायचं, असं झालं की मुलगा एकच निष्कर्ष काढतो. शाळेतलं गणित शाळेपुरतं.

इथे घटक नियोजन कामाला येतं

शिक्षकी पेशात नसलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. शाळेत शिकवण्याचं नियोजन तीन पातळ्यांवर होतं. वर्षभराचं वार्षिक नियोजन, एका प्रकरणाचं घटक नियोजन आणि एका तासिकेचं पाठ टाचण. बी.एड.ला यातलं प्रत्येक शिकवतात, तक्ते काढून घेतात, त्यावर गुण देतात. घटक नियोजनात उपघटक, लागणाऱ्या तासिका, अध्ययन निष्पत्ती, मुलं करतील त्या कृती, साहित्य आणि शेवटी मूल्यमापन असे रकाने असतात. प्रकरणाचे असे सलग ‘घटक’ करून शिकवायची कल्पना शंभर वर्षांची जुनी आहे. शिकागो विद्यापीठातल्या हेन्री मॉरिसन यांनी 1926 साली माध्यमिक शाळेतल्या अध्यापनावर जे पुस्तक लिहिलं, त्यातून ती रुजली.

प्रत्यक्षात मात्र टाचणवही ही बहुतेकदा तपासणीसाठी असते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जूनमध्ये तयार पीडीएफ येते, ती उतरवून काढली की काम झालं. त्यासाठी शिक्षकांना झोडपण्यात अर्थ नाही. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं आणि त्यात दोन वर्गांचे पेपर, यातून नियोजनाला वेळ उरतो किती? पण उतरवून काढलेल्या नियोजनात 22 सप्टेंबर कधीच येत नाही. पुस्तकाच्या क्रमाने जाणाऱ्या शाळेत चौथं प्रकरण पहिल्या सत्राच्या शेवटी किंवा दिवाळीनंतर येतं, आणि जूनमध्ये केलेली योजना तोवर शिळी झालेली असते.

1998 मध्ये विगिन्स आणि मॅकटाय या दोन अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी नियोजन उलट्या दिशेने करायची पद्धत मांडली. आधी ठरवा की घटक संपल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे. मग ते येतंय हे कशावरून कळेल ते ठरवा. आणि सगळ्यात शेवटी, शिकवायचं काय आणि कसं. आपल्याकडे बरेचदा सुरुवात ‘सरावसंच 4.1’ पासून होते.

हीच उलटी पद्धत अर्थनियोजनाला लावली तर? शेवटचं ध्येय असं धरू, की मुलाने कुठलंही खरं बिल हातात घेऊन ते बरोबर आहे का सांगावं, आणि ‘इतके टक्के स्वस्त’ हा दावा तपासावा. नवी मुंबईतल्या एखाद्या शाळेत यासाठी समजा 14 तासिका आहेत. त्या कशा खर्च होतील?

पहिल्या दोन तासिका जीएसटीवर नकोतच

त्या टक्केवारीवर हव्यात. मुलांनी आठवीत ‘सूट व कमिशन’ शिकलेलं असतं, पण ते आठवतंय असं गृहीत धरलं की पुढचा सगळा घटक पाठांतरावर जातो. एक साधा प्रश्न फळ्यावर लिहायचा. 100 रुपयांची वस्तू 12 टक्क्यांनी महाग झाली, मग 12 टक्क्यांनी स्वस्त झाली. आता किंमत किती? बरीच मुलं 100 म्हणतील. उत्तर 98 रुपये 56 पैसे आहे. कारण दुसऱ्या वेळी 12 टक्के 112 वर काढले जातात.

हे एकदा पटलं की एसीचं कोडं मुलं स्वतः सोडवतात. कंपासपेटीची मूळ किंमत 100 असेल तर आधी 112, आता 105. सात रुपये कमी झाले, पण ते 112 पैकी सात आहेत. म्हणजे 6.25 टक्के. शाम्पूचं 118 वरून 105, म्हणजे 13 नाही तर साधारण 11 टक्के. कुठल्याही वस्तूसाठी एकच सूत्र निघतं. जुना दर वजा नवा दर, भागिले 100 अधिक जुना दर. हे सूत्र शिक्षकाने द्यायचं नाही, तीन वस्तूंची गणितं झाली की मुलांकडून येतं. बीजगणिताचा तास आहे शेवटी.

आणि एक वस्तू मुद्दाम ठेवायची, कोल्ड्रिंक. त्यावर आधी 28 टक्के जीएसटी आणि 12 टक्के सेस होता, आता सरळ 40 टक्के. यादीत ‘दर बदलला’ असं दिसतं, किंमत मात्र जिथल्या तिथे.

मग बिलं आणायची, पण जपून

‘घरून बिलं घेऊन या’ ही कृती सगळ्यांना सुचते. नवी मुंबईत तर साहित्याची खाण आहे. तुर्भ्याला एपीएमसीचे पाच बाजार आहेत. कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला आणि धान्य. मुलं कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे भागातली असतील तर कुणाचे वडील माथाडी असतात, कुणाचे टेम्पो चालवतात, कुणाचं गाळ्यावर काम. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, मसाल्यावर 5 टक्के, बदाम-पिस्त्यावर आधी 12 होता आणि आता 5. एकाच आवारात तीन वेगवेगळी गणितं.

पण बिल हा नाजूक कागद आहे. कुणाच्या घरी मॉलचं लांबलचक बिल येतं आणि कुणाच्या घरी किराण्याची उधारीची वही असते. ‘उद्या प्रत्येकाने बिल आणायचंच’ असं म्हटलं की वर्गात कोणाचं घर कसं चालतं ते सगळ्यांना दिसतं. त्यापेक्षा शिक्षकाने आठ-दहा वेगवेगळी बिलं स्वतः जमवून, नावं आणि फोन नंबर खोडून झेरॉक्स वाटल्या तर काम होतं.

त्यात एक बिल असं हवं ज्यावर जीएसटी नाहीच. ते बघितल्यावर मुलं लगेच ‘हा चोर आहे’ म्हणतात. तसं नसतं. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असलेल्या, फक्त माल विकणाऱ्या छोट्या दुकानदाराला आपल्याकडे सहसा नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नाही तर तो जीएसटी घेऊच शकत नाही. उलट ज्याने बिलात जीएसटी लावलाय पण जीएसटीआयएन छापलेला नाही, तिथे शंका घ्यायची. महाराष्ट्रातला नंबर 27 ने सुरू होतो आणि पुढची दहा अंक-अक्षरं पॅनची असतात. हे कळलेली मुलं त्या आठवड्यात हॉटेलात गेली की आधी बिल वाचतात.

सगळ्यात जड भाग: इनपुट टॅक्स क्रेडिट

इथे चार-पाच तासिका गेल्या तरी चालतील. तक्ता भरून मुलांना गुण मिळतात, पण पैसे कुठून कुठे गेले ते कळत नाही. त्यासाठी चार मुलं उभी करायची, उत्पादक, घाऊक व्यापारी, दुकानदार आणि ग्राहक. पाचवा मुलगा सरकार.

दर 5 टक्के धरू. उत्पादकाने माल 200 ला विकला, वर 10 रुपये कर घेतला, सरकारकडे 10 भरले. घाऊक व्यापाऱ्याने तोच माल 250 ला विकला, 12.50 कर घेतला. पण त्याने 10 आधीच दिलेत, म्हणून सरकारला फक्त 2.50. दुकानदाराने 300 ला विकला, 15 घेतले, 12.50 वजा, सरकारला 2.50. सरकारच्या हातात एकूण 10, 2.50 आणि 2.50 मिळून 15 रुपये. म्हणजे बरोबर 300 चे 5 टक्के. आणि हे सगळे 15 रुपये शेवटी कुणाच्या खिशातून गेले? ज्याला पुढे कुणाकडून वसूल करता येत नाही त्या ग्राहकाच्या.

आता खरा प्रश्न. वह्यांवर कर शून्य झाला. मग 112 ची वही बरोबर 100 ला मिळायला हवी ना? इथे थोडं थांबावं लागतं. विक्रीवर करच नसेल तर कच्च्या मालावर भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळत नाही. समजा वही बनवणाऱ्याने शाई, गोंद, पॅकिंग असा 20 रुपयांचा माल 18 टक्के कर भरून घेतला. ते 3.60 रुपये तो आधी वजा करून घेत होता, आता ते त्याच्या खर्चात जातात. मग वही 100 ऐवजी 103.60 ला पडू शकते. शून्य टक्के आणि 5 टक्के यातला हा फरक भल्याभल्या पोस्टमध्ये सापडणार नाही, पण दहावीच्या मुलाला तो कळू शकतो. त्यासाठी लागणारं गणित त्याच्याकडे आहे.

शेअर्सचा भाग त्या मानाने सोपा, आणि मुलांना त्यात आधीच रस असतो, कारण इन्स्टाग्रामवर टिप्स देणाऱ्यांना ती बघतच असतात. एकच गोष्ट पक्की करायची. लाभांश दर्शनी किमतीवर असतो, बाजारभावावर नाही. ‘कंपनीने दिला 100 टक्के लाभांश’ असं थंबनेल असतं. शेअरची दर्शनी किंमत 2 रुपये आणि बाजारभाव 400 असेल तर हातात पडतात 2 रुपये, म्हणजे अर्धा टक्का परतावा. दोन तासिकांत हे होतं. म्युच्युअल फंडाला आणखी दोन.

उरलेल्या तासिका चाचणीसाठी, आणि चाचणीत किमान एक प्रश्न बोर्डाच्या धर्तीचा, एक व्हॉट्सअ‍ॅपवरचा दावा तपासायचा. दोन्हींत एकाच मुलाला सारखे गुण मिळतात का, हे बघण्यासारखं आहे.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर

ऑक्टोबर 2024 आठवा. राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातला एक मुद्दा बाहेर आला आणि गदारोळ झाला. गणित किंवा विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण मिळाले तरी दहावी उत्तीर्ण, पण गुणपत्रिकेवर शेरा असेल आणि पुढे त्या विषयांकडे जाता येणार नाही. मीम्स झाले, ‘दर्जा घसरला’ म्हणून लेख झाले. दुसरी बाजूही खरी होती. एका गणितामुळे नापास होऊन कायमचं शिक्षण सोडणारी मुलं सगळ्यांच्या माहितीतली आहेत. त्यांच्यासाठी राज्य मंडळाकडे एकेकाळी ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय होता, तो नव्या अभ्यासक्रमाबरोबर बंद झाला. सीबीएसईने 2020 च्या परीक्षेपासून दहावीत बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपर सुरू केले.

गुण 20 हवेत की 35, यावर जेवढी भांडणं झाली त्याच्या दहा टक्केही चर्चा त्या गुणांमागे मुलाला काय येतं यावर झाली नाही. 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलांचं असर 2023 हे सर्वेक्षण बघा. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं फक्त 43.3 टक्के मुलांना जमलं. सूट काढणं, कर्जाची परतफेड मोजणं असे व्यवहारातले प्रश्नही त्यात विचारले होते. नवी मुंबई ग्रामीण नाही, पण इथल्या वर्गात बसणारी कितीतरी मुलं सातारा, सांगली, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या घरांतली आहेत, आणि महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू अशा चार माध्यमांत चालतात. शेरा मारलेली गुणपत्रिका घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला वर्गसमीकरण कदाचित कधीच लागणार नाही. बिल, हप्ता आणि पगाराची स्लिप मात्र रोज लागेल.

दुरुस्ती अवघड आहे का?

फारशी नाही. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड असतात, ते स्कॅन केले की दीक्षा ॲपवरचं साहित्य उघडतं. पुस्तक न छापता त्या कोडमागे नव्या दरांचं एक पान ठेवता येईल. मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय वाशीतच आहे. प्रश्नपत्रिकेत दर नेहमी दिलेला असेल आणि वस्तूंचे दर पाठ करून लिहायला लावणारे प्रश्न येणार नाहीत, एवढं लेखी कळवलं तरी शिक्षकांची निम्मी काळजी मिटेल. खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. गणित शिकवायचं कसं यावर 1974 पासून काम करणारी संस्था एवढ्या जवळ असताना इथल्या शिक्षकांना पीडीएफवर राहायला लागू नये.

तोपर्यंत काम शिक्षकाच्या टाचणवहीवरच आहे. दहावीची परीक्षा 20 फेब्रुवारी 2026 पासून. दिवाळीची सुट्टी, सराव परीक्षा आणि उजळणी वजा केली तर या घटकाला 14 तासिका मिळणंही कठीण, काही शाळांत आठच मिळतील. आठच मिळाल्या तर म्युच्युअल फंड घाईत उरकला तरी चालेल. टक्केवारीच्या पहिल्या दोन तासिका कापायच्या नाहीत.